भाकरीचा दाखला

13 सप्टेंबर 2023, बुधवार
संभाजीनगर, धोपटेश्वर, जालना

सकाळी सातला निघालो. गाडीत बसण्याआधी मावशीने डिकी उघडायला लावली आणि भाकरीचं फडकं नीट बांधलंय का ते स्वतः बघितलं. तिचं वय 82. गुडघे दुखतात, एका कानाने कमी ऐकू येतं. पण घराबाहेर पडताना भाकरी बरोबर हवीच. गाडी तिचा नातू चालवणार होता आणि मी शाळेत पाच दिवसांची रजा टाकली होती. 13 ते 17 सप्टेंबर या तारखा मुद्दाम निवडल्या. 1948 साली 13 तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. आमच्याकडची जुनी माणसं याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. जन्म-मृत्यूही त्याच मापाने सांगतात. हा ॲक्शनच्या आधीच्या साली झाला, ती ॲक्शननंतरच्या दिवाळीत गेली.

या प्रवासाचं मूळ एका वाक्यात आहे. मी इतिहास शिकवते. मुक्तिसंग्रामाचा भाग आला की स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंतराव भालेराव यांच्यावर बोलताना तास पुरत नाही. बायकांची पाळी आली की मी फळ्यावर एका ओळीत नावं लिहायची: दगडाबाई शेळके, आशाताई वाघमारे, गोदावरीबाई टेके, गीताबाई चारठाणकर, कावेरीबाई बोधनकर, प्रतिभाताई वैशंपायन. पुढे लिहायची, ‘यांनी लढ्याला मोलाची मदत केली.’ वर्षानुवर्षं हेच. एकदा घरी टाचण काढताना हे मोठ्याने म्हटलं गेलं आणि आतून मावशीचा आवाज आला, ‘मदत? कुणाला मदत? घर कुणाचं जळू लालतं?’

त्या रात्री तिने तिच्या मायबद्दल, म्हणजे माझ्या आजीबद्दल, जे सांगितलं त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. मग ठरलं, जमतील तितकी गावं बघायची आणि शेवटी आजीच्या गावी जायचं.

आधी सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभाला हात जोडले. 17 तारखेची तयारी चालू होती. तिथून जालना रस्त्याने बदनापूर, आणि बदनापूर तालुक्यातलं धोपटेश्वर. हे दगडाबाई शेळक्यांचं गाव. ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हणून त्यांची ओळख. हत्यार चालवायला शिकलेली, घोड्यावर मांड ठोकणारी, हातबॉम्ब आणि निरोप एका गावातून दुसऱ्या गावात नेणारी शेतकरी घरातली बाई. या कामात संसार होणार नाही हे ओळखून त्यांनी स्वतः नवऱ्याचं दुसरं लग्न लावून दिलं, असं या भागात सगळेच सांगतात.

पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी हीच गोष्ट कौतुकाने सांगितली. मावशीने ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, ‘गड्यानं घर सोडलं तर तो देशासाठी गेला म्हणतेत. बाईला जायचं तर आधी बदली बाई आणून द्यावं लागलं.’ मी हे तिथेच वहीत लिहून घेतलं. धोपटेश्वरची गोष्ट मी वर्गात पराक्रमाची म्हणून सांगत आले, आणि ती आहेच. पण बंदूक हातात घ्यायच्या आधी त्या बाईला चूल कुणाच्या तरी हाती सोपवावी लागली. पुरुष कार्यकर्त्यांच्या चरित्रात चुलीची अशी सोय लावल्याचा उल्लेख मी वाचलेला नाही. ती लावलेली असायचीच.

नाव दगडाबाई. लेकरं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून मुलाला धोंडू, मुलीला दगडा म्हणायची आमच्याकडे जुनी रीत आहे. त्यांचं नाव कशावरून पडलं ते मी कुणाला विचारलं नाही. जालन्याला मुक्काम.

14 सप्टेंबर, गुरुवार
गेवराई, बीड, ईट, अंबाजोगाई

आज पोळा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुतलेली, शिंगं रंगवलेली बैलं दिसत होती. झूल नवी असली तरी माणसांच्या चेहऱ्यावर उत्साह बेताचाच. ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला होता, सोयाबीन माळावर पिवळं पडलेलं. शहागडला गोदावरी ओलांडली तेव्हा मावशीने सवयीने नाणं टाकलं.

बीडवरून पुढे बालाघाटच्या डोंगराळ भागात भूम तालुक्यातल्या ईट गावी गेलो. गोदावरीबाई टेक्यांचं गाव. त्यांचे पती किसनराव चळवळीत होते. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या, आणि त्यांच्या साथीचे रोहिले चालून आले, घराला वेढा पडला. गोदावरीबाईंनी बंदूक हातात घेतली आणि घरातून गोळीबार केला. बाहेरच्यांनी घर पेटवून दिलं. त्या त्या घरातच हुतात्मा झाल्या. गोष्ट एवढीच आणि तीन-चार वाक्यांत सांगून होते, म्हणूनच बहुधा सांगणारे भरभर सांगतात.

मावशी मात्र अडून बसली. गावातल्या एका वयस्क बाईंना तिने जे प्रश्न विचारले ते माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. घर माळवदाचं होतं का धाब्याचं? दार कुठल्या अंगाला? आतलं पाणी किती दिवसांचं होतं? शेजारच्या घरात कोण होतं? त्या बाईंना सगळं सांगता आलं नाही. त्या लग्न होऊन फार नंतर या गावात आलेल्या. पण दोघी ओट्यावर बसून जुन्या वाड्यांबद्दल बोलत राहिल्या: ढाळजेतून, म्हणजे दारालगतच्या ओसरीतून, आत आलं की बाहेरच्याला काय दिसतं, माळवदावरच्या सवण्यातून किती उजेड पडतो, माणूस लपवायचा तर बळदात, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या कोठारात, की कडब्याच्या गंजीत. मी ऐकत होते आणि मला घर वेगळं दिसायला लागलं. भिंतीची जाडी, बळदाचं तोंड, परसदाराकडून ओढ्याला जाणारी वाट, हे सगळं बाईला अंधारात हाताने ठाऊक असतं. वेढा पडल्यावर गोदावरीबाई ज्या घरातून लढल्या ते त्यांनी वर्षानुवर्षं सारवलेलं घर होतं.

त्या बाईंनी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. येळवण्याची आमटी इतकी झणझणीत की नातवाच्या डोळ्यांतून पाणी आलं. निघताना त्यांनी मावशीची ओटी भरली आणि मावशीने त्यांच्या हातावर आमच्या फडक्यातली एक भाकरी ठेवली. अंबाजोगाईला पोचायला रात्र झाली.

15 सप्टेंबर, शुक्रवार
अंबाजोगाई ते नांदेड

सकाळी योगेश्वरीचं दर्शन घेतलं आणि योगेश्वरी शाळेसमोर थोडा वेळ उभे राहिलो. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ 1935 साली इथे आले. तेव्हा या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशान 53’ नावाचा हुकूम होता, परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. संस्थानच्या 16 जिल्ह्यांपैकी 5 मराठी बोलणारे, पण मराठीत चार माणसं जमवायची तरी अर्ज करावा लागे. त्यामुळे शाळा, वाचनालय, गणेशोत्सव हीच चळवळीची जागा झाली.

नातवाने गाडीत विचारलं, ‘मग आज्जी, बायका कुठं जमायच्या?’ मावशी म्हणाली, ‘हळदीकुंकवाला परवानगी लागत नव्हती बापा.’ तिच्या मायच्या घरी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज दोन-दोन घरची बोलावणी असत. कुणाच्या घरी किती ज्वारी आहे, कुणाचा माणूस पकडला, कुठल्या घरचं लेकरू आजारी आहे, हे सगळं वाण लुटताना ठरे. बाहेर अमीन, म्हणजे निजामाचा पोलीस अधिकारी, घोड्यावरून गेला तरी त्याला आत नाव घेण्याचा उखाणाच ऐकू यायचा.

परळी, गंगाखेडवरून संध्याकाळी नांदेडला. मावसबहिणीच्या घरी मुक्काम. मावशीचे पाय सुजले होते, गरम पाण्यात मीठ घालून शेकले.

16 सप्टेंबर, शनिवार
उमरी

नांदेडहून उमरी जवळ आहे. निजामाच्या रेल्वेच्या मनमाड-हैदराबाद मार्गावरचं हे गाव. 30 जानेवारी 1948 रोजी इथल्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी धाड घातली. रक्कम 20 लाखांवर होती आणि ती सरहद्दीपलीकडच्या, स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पांच्या खर्चाला गेली. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. आमच्या भागात या पैशाच्या हिशेबाची गोष्ट फार अभिमानाने सांगतात. खर्च झालेल्या रकमेचा हिशेब ठेवला गेला, लुटीतला पैसा कुणाच्या घरी गेला नाही. मलाही या गोष्टीचा अभिमान वाटतो. एवढी रक्कम हातात असताना हात स्वच्छ ठेवणं बंदूक चालवण्यापेक्षा सोपं नसेल.

उमरीत नातवाने सगळं विचारून घेतलं. किती जण होते, कुठून आले, कुठल्या वाटेने गेले. तो कॉमर्स शिकलेला आहे, रकमेचं ऐकून त्याचे डोळे चमकले. मग तो मावशीला म्हणाला, ‘आज्जी, हा खरा ॲक्शनचा भाग. बाकी सगळी मदत.’

तो सहज बोलला होता, पण मावशी गप्प झाली. रेल्वे स्टेशनजवळ चहा घेतला, तरी बोलली नाही. शेवटी तिने त्याला समोर बसवलं आणि हिशेबच विचारला. हे मी जमेल तसं तिच्या शब्दांत लिहिते.

‘एका गड्याला एका वख्ताला किती भाकरी लागतेत? दोन धर. वीस गडी असले तर चाळीस. दोन वख्ताच्या ऐंशी. ऐंशी भाकरीला ज्वारी किती? दळायला किती वेळ? तव्हा गिरणी नव्हती आमच्या गावात. जातं होतं. आता सांग, तीन माणसाच्या घरात पहाटं चार पायल्या दळण पडू लाललं तर बाहेरच्याला कळंल का नाही?’

नातू म्हणाला, कळेल.

‘मंग काय करायचं?’

त्याला उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नसतं. आजीने आणि तिच्या आळीतल्या बायकांनी ती ज्वारी सात घरांत वाटली होती. प्रत्येक घरात रोजच्यापेक्षा जरासंच जास्त दळण पडायचं. कुठलंच जातं फार वेळ चालायचं नाही. भाकरीही सात तव्यांवर व्हायच्या, कारण एकाच घरातून खूप वेळ धूर निघाला तर तोही दिसतो. पीठ वेगवेगळ्या हातांनी थापलेलं, म्हणून शेतात पोचलेल्या गाठोड्यात एक भाकरी जाड, एक पातळ, एक करपलेली असे. आणि पहाटे गावात अमीन किंवा रझाकारांची टोळी शिरली, तर वेशीजवळच्या पहिल्या घरातली बाई जात्याची ओवी मधेच थांबवायची. तिचं जातं थांबलं की दुसरं थांबायचं, मग तिसरं. आवाज बंद पडत पडत शेवटच्या घरापर्यंत येई आणि तिथे कडब्यात झोपलेला माणूस मागच्या दाराने ओढ्यात उतरलेला असे.

‘हे मदत का रे?’ मावशीने विचारलं.

नातू कप हातात धरून बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, ‘आज्जी, ज्वारी कुणाची होती?’ हा प्रश्न तिला आवडला. ज्वारी त्या सात घरांची होती. लेव्ही, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायचं धान्य, भरून, चोरून, पोटाला चिमटा घेऊन उरवलेली. उमरीच्या बँकेतल्या पैशाचा हिशेब राहिला आणि राहायलाच हवा होता. या ज्वारीचा हिशेब कुणी मांडला नाही, कारण ती बायकांनी स्वतःच्या घरातून काढली होती.

रात्री नांदेडला परतलो. मला झोप लागली नाही.

17 सप्टेंबर, रविवार
हदगाव तालुका, पैनगंगा, उमरखेड

सकाळी सातच्या आत आम्ही आजीच्या गावी होतो. गावाचं नाव देत नाही. तिथे आता आमचं कुणी नाही आणि पुढे जे लिहिणार आहे त्यातल्या एका घरच्या माणसांना मी विचारलेलं नाही. हदगाव तालुक्यातलं, पैनगंगेपासून दोन कोसांवरचं गाव. नदीच्या पलीकडे विदर्भ. तेव्हाच्या भाषेत अलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजी मुलूख. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजी कलदार रुपया, मधे करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं.

शाळेत झेंडावंदन झालं. मुक्तिसंग्रामाला 75 वर्षं झालेली, म्हणून सरपंचबाईंनी थोडं भाषणही केलं. मावशीला त्यांनी पुढे खुर्चीवर बसवलं. झेंडा वर गेला तेव्हा ती काठीवर भार देऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत बसली नाही.

मग आम्ही आळीत गेलो. आजीचा वाडा पडला आहे. ढाळजेचा एक खांब आणि मागची भिंत उरली आहे. भिंतीत बळदाचं तोंड अजून दिसतं, त्यात बाभूळ उगवली आहे. मावशीने हात लावून सांगितलं, ‘ह्याच्यात काडतुसं होती. वर ज्वारी.’

आजोबा 1947 च्या ऑगस्टमधल्या सत्याग्रहानंतर घरी राहिले नाहीत. 7 ऑगस्टला हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्यासाठी लढा पुकारला होता, गावोगाव शिंदीची झाडं तोडली गेली, नाकी जाळली गेली. आजोबा पलीकडे उमरखेडच्या कॅम्पात गेले. घरात आजी, सहा वर्षांची मावशी आणि तान्ही माझी आई. पुढचं वर्षभर आजीने काय केलं? भाकरीचं सांगितलंच. काडतुसं तिने शेणाच्या पाटीत नेली. रझाकारांनी सगळं तपासलं, बाईच्या डोक्यावरच्या ओल्या शेणात कुणी हात घातला नाही. भाकरीचं गाठोडं शेतात न्यायला मावशी जायची. कुणी विचारलं तर म्हणायचं, बाप नांगरतोय. बाप दोन महिन्यांपासून दिसलेला नसायचा. ‘मला खोटं बोलताना भीती वाटायची नाही,’ मावशी म्हणाली, ‘खरंच कव्हा दिसंल ह्याची वाटायची.’

1948 च्या उन्हाळ्याच्या तोंडाला शेजारचं गाव जळलं. त्या रात्री आळीतल्या चार बायका लेकरं घेऊन निघाल्या. पैनगंगेला पाणी कमरेइतकंच होतं, पण काठावर नाक्याची माणसं. तान्हं रडलं तर सगळेच सापडणार. आजीने आईच्या ओठाला अफूचं बोट लावलं. त्या काळी शेतावर जाणाऱ्या बायका लेकरू निजावं म्हणून तसं करायच्या, पण त्या रात्री बोटाला जरा जास्त लागलं. पलीकडे पोचल्यावर आई दुपारपर्यंत जागी झाली नाही. आजी काठावर बसून तिच्या तळपायाला राख चोळत होती आणि दर थोड्या वेळाने नाकाशी बोट धरून बघत होती.

माझी आई पुढे 71 वर्षं जगली. ‘मी नदी झोपेत ओलांडली’ एवढंच ती म्हणायची. राख चोळण्याचं तिने कधी सांगितलं नाही. तिला ते कुणी सांगितलं होतं की नाही, मावशीलाही ठाऊक नाही.

उमरखेडच्या कॅम्पात आजी सहा महिने होती. तिथेही चूलच, फक्त मोठी. 17 सप्टेंबर आला, निजाम शरण आला, आणि बहुतेक गोष्टी इथे संपवतात. मावशीची इथे संपत नाही. आणि ही बाजू मी वर्गात कधी शिकवलेली नाही, हेही लिहिलं पाहिजे.

वाड्याला लागून एका पिंजाऱ्याचं घर होतं. मुसलमान. आजी नदीपलीकडे गेल्यावर तिची गाय याच घरातल्या बाईने सांभाळली, तुळशीला पाणी घातलं, आणि एकदा रझाकारांच्या टोळीला ‘हे घर आमचंच आहे’ म्हणून दारातून परत लावलं. पोलीस ॲक्शननंतर वारं फिरलं. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता त्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचे उस्मानाबाद आणि नांदेड हे आमचे दोन होते. तो अहवाल कितीतरी वर्षं लोकांसमोर आला नाही.

आजी कॅम्पातून परतली ती त्याच दिवसांत. पिंजारी आधीच कुठे तरी पळाला होता किंवा मारला गेला होता. आजीने त्या बाईला आणि तिच्या दोन पोरांना बळदात घातलं. ज्या बळदात काडतुसं होती, त्यातच. चार रात्री. बाहेर जी माणसं हत्यारं घेऊन फिरत होती, त्यांतल्या काहींनी वर्षभर आजीच्याच हातची भाकरी खाल्ली होती. एक जण ढाळजेत येऊन म्हणाला, ‘वैनी, आत कोण हाय?’ आजी म्हणाली, ‘ज्वारी हाय. बघायची तर आधी मला बाजूला कर.’ तो गेला.

मावशी हे सांगताना एकदाही रडली नाही. रडलो आम्ही दोघं.

बळदासमोर उभं राहून तिने पेन्शनची गोष्टही सांगितली, ती मला ठाऊक होती. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन 1972 पासून सुरू झाली, आजोबा त्याआधीच वारलेले. पुढे आजीने स्वतःच्या नावाने अर्ज केला. योजनेत मुख्य अट तुरुंगवासाची होती, पुरुषांना सहा महिने, बायकांना सवलत देऊन तीन महिने. आजी तुरुंगात गेली नव्हती. एका कार्यालयात तिला विचारलं गेलं, तुमच्याकडे काय दाखला आहे? ती म्हणाली, ‘भाकरीचा दाखला कोण देतं बाबा?’ तिथल्या माणसाने कागद परत दिले. तो वाईट माणूस नव्हता, असं आजीच सांगायची. त्याच्याकडच्या फॉर्मात तो रकानाच नव्हता. बायकांसाठी तीन महिन्यांची सवलत देणाऱ्यांच्या मनात काही चांगलंच असणार, पण त्यांनी मोजायला घेतला तो मुख्यतः तुरुंगच. पकडलं न जाणं हे ज्यांच्या कामाचं मर्म होतं, त्यांनी पकडलं गेल्याचा पुरावा कुठून आणायचा?

दुपारी पैनगंगेच्या पुलावरून पलीकडे उमरखेडला जाऊन आलो. नदीत पाणी होतं, गढूळ. मावशी पुलावर उतरली नाही. काच खाली करून बघितलं फक्त.

परतताना हदगावला एका झाडाखाली गाडी लावून फडकं सोडलं. चार दिवसांच्या भाकरी कडक झालेल्या, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मोडून खाल्ल्या. मावशी म्हणाली, वही काढ. सात घरांतल्या बायकांची नावं ती सांगणार होती आणि मी लिहायची. एकेक नाव आलं, माहेरचं, सासरचं, कुणाची कोण. दोघी-तिघींची नावं तिला आठवेनात, मग ती घरं मनातल्या मनात चालत गेली, वेशीपासून, उजव्या हाताने, आणि आठवली. नातू फोन बाजूला ठेवून ऐकत होता. दळणाऱ्या, थापणाऱ्या, पोचवणाऱ्या मिळून सतरा नावं झाली.

मी म्हटलं, ‘अठरावं पिंजाऱ्याच्या बायकोचं.’

मावशी बराच वेळ थांबली. ‘आम्ही चाची म्हणायचो,’ ती म्हणाली. ‘माय तिला पोराच्या नावानं हाका मारायची. तिचं नाव...’ तिने डोळे मिटले, ओठ हलवून बघितले. आठवलं नाही.

‘आकडा टाक,’ ती म्हणाली, ‘आन पुढची वळ सोडून दे. रात्री आठवलं तर उठवते तुला.’

मी 18 लिहिलं आणि पुढे जागा सोडली.